लाल पाय, पिवळे पाय: मांडव्यापासून हर्णैपर्यंत कुरवांच्या मागे पाच दिवस

पहिला दिवस: गेटवे, मांडवा, अक्षी

माघ शुद्ध दशमी. गेटवेहून मांडव्याला निघालेल्या सकाळच्या बोटीत, वरच्या मजल्यावर अगदी मागच्या कठड्याशी आम्ही दोघी उभ्या होतो, मी आणि माझी भाची. तिच्या गळ्यात दुर्बीण, माझ्या हातात वही. किनाऱ्यावरचे पक्षी पाहायला लागून मला सहा वर्षं झाली. चिखल्या, तुतवार, सुरय आता बऱ्यापैकी ओळखू येतात. पण जुन्या वह्या चाळल्या तर कुरवांच्या जागी दर वेळी एकच नोंद सापडते: ‘सीगल, पुष्कळ’. कुणी लडाखहून, कुणी सैबेरियाच्या उत्तर टोकाहून आपल्याकडे हिवाळा काढायला येतं आणि आपण त्याचं नावही विचारत नाही, याची मला बोच लागून राहिली होती. म्हणून यंदा ठरवलं, मांडव्यापासून हर्णैपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि फक्त कुरव पाहायचे.

बोट धक्क्यापासून सुटली, मागे फेसाचा पट्टा उमटला आणि ते आले. आधी पाच-सहा, मग बघता बघता साठ-सत्तर. डेकवरची निम्मी माणसं गाठी-शेवेची पाकिटं फोडून तयारच होती. कुरव हातभर अंतरावर येऊन गाठी हवेतच टिपत होते. शिकणाऱ्याला इतक्या जवळून पक्षी दुसरीकडे मिळणार नाहीत हे खरं, आणि ते पाहून जीव तुटतो हेही खरं. मासे, कोळंबी, किडे यांवर पोसलेल्या पोटात तळलेलं खारट पीठ जातं आणि रिकामं पाकीट पुष्कळदा समुद्रात. शेजारी सात-आठ वर्षांचा एक मुलगा मूठ वर करून उभा होता. मी त्याला म्हटलं, “गाठी नको देऊस. नुसता उभा राहा आणि त्यांचे पाय बघ.”

त्याने खरंच बघितले. “काकू, पाय लाल का आहेत?”

“ते जे खातात ना, त्यातून तो रंग येतो,” एवढंच मी सांगू शकले. त्याच्या आईने त्याला खाली बोलावलं.

उडताना कुरवाचे पाय मागे शेपटीखालच्या पिसांत दुमडलेले असतात, त्यामुळे ते सहसा दिसत नाहीत. पण बोटीच्या मागे वाऱ्यावर तरंगताना वेग आवरायचा झाला की तो दोन्ही पाय खाली सोडतो आणि बोटांमधले पडदे पसरतो. तेवढ्या क्षणभरात रंग टिपायचा. आमच्या मागच्या थव्यात सगळेच पाय लाल किंवा लालसर नारिंगी होते. आपल्या किनाऱ्यावर लाल पाय म्हटले की बहुतेक वेळा दोन नावं पुढे येतात: तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. हिवाळ्यात ही नावं फसवतात, कारण या दिवसांत दोघांचीही डोकी पांढरी असतात. डोळ्यामागे कानाशी तेवढा एक काळपट डाग राहतो. डोकं रंगतं ते विणीच्या हंगामाआधी, म्हणजे आपल्याकडून निघायच्या सुमाराला.

“मावशी, याचा डोळा पांढरा आहे,” भाची म्हणाली. “आणि त्या पलीकडच्याचा काळा.”

तिने पाच मिनिटांत पकडलं ते मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचं बुबुळ फिकट असतं, त्यामुळे त्याची नजर जरा रोखल्यासारखी वाटते. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, चेहरा सौम्य. मग पंख बघायचे. तपकिरी डोक्याच्याच्या पंखाचं टोक चांगलं रुंद काळं आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके. इंग्रजीत त्यांना मिरर म्हणतात, आम्ही दोघींनी ‘आरसे’ असं नाव ठेवलं. काळ्या डोक्याच्याच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी शुभ्र, विळ्याच्या पात्यासारखी, आणि काळा रंग फक्त मागच्या कडेला बारीक. ही पांढरी कड एकदा डोळ्यात बसली की अर्ध्या मैलावरूनही चुकत नाही.

मांडवा येईपर्यंत मोजले: ठिपकेवाले अठ्ठेचाळीस, पांढऱ्या कडेचे नऊ. आठ जण मात्र दोन्हींत बसेनात. पंखाचं टोक सगळं काळं, आरसे नाहीत, डोळा गडद, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. ही तपकिरी डोक्याच्या कुरवाची गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं. त्सो मोरीरी, त्सो कर अशा साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तळ्यांकाठी हे कुरव वीण करतात, लडाखपासून तिबेट आणि मध्य आशियापर्यंत. अंड्यातून बाहेर पडून वर्षही झालं नाही आणि हे पिल्लू हिमालय ओलांडून मुंबईच्या खाडीत पोचलेलं असतं.

मांडव्याहून अलिबागला जाताना किहीमचा फाटा लागतो. १९३०च्या सुमाराला सलीम अलींनी किहीमला राहून सुगरणींचा अभ्यास केला होता. एकाच वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून त्यांनी सुगरणीच्या संसाराची रीत उलगडली. त्या फाट्यावरून जाताना मी दर वेळी मान वळवून बघते.

कोकणात भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमी म्हणजे साडेसात, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणून दीडच्या सुमाराला. अक्षीचा शिलालेख, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२चा, मराठीतला आद्य लेख मानला जातो. तो आम्ही घाईतच पाहिला, कारण डोक्यात ओहोटी होती. सुरूच्या बनातून बाहेर आलो तर पाणी लांब आत गेलेलं, ओली वाळू आरशासारखी, आणि खाडीच्या तोंडाशी दोनेकशे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे. कुरव नेहमी असे वाऱ्याला सामोरे उभे राहतात. त्यामुळे थवा एका बाजूने वाचायला घेतला की सगळे एकाच दिशेने बघत असतात आणि तुलना सोपी जाते. खाडीच्या तोंडाशी जमण्याचं कारणही आहे, तिथे गोडं पाणी मिसळतं आणि ते त्यात अंघोळ करतात.

स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावला. लाल, लाल, लाल, आणि मग एकदम पिवळे. चार मोठे कुरव, लहान कुरवांच्या जवळजवळ दीडपट. पाठ पाटीसारखी गडद करडी, चोच पिवळी, खालच्या चोचीवर टोकाजवळ लाल ठिपका, मानेवर तपकिरी रेघोट्या. हे ह्यूगलिनचे कुरव. थिओडोर फॉन ह्यूगलिन या जर्मन प्रवाशाच्या नावावरून हे नाव पडलं. रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रात यांची घरटी असतात.

त्यांच्यापासून जरा बाजूला, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून आणखी एक पक्षी झोपला होता. तो ह्यूगलिनच्या कुरवापेक्षाही थोराड होता, पण पाठ कितीतरी फिकट. जमिनीवरचा पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात माखलेला. डोळा मिटलेला, चोच दडलेली, पायाचा रंग लपलेला. मी वहीत काही लिहिलं नाही. भाचीला म्हटलं, “थांबू या.” चाळीस मिनिटं थांबलो. पाणी चढायला लागलं, एक लाट त्याच्या पायाखालून गेली, तसा तो दुसरा पाय खाली टेकवून चार पावलं पाण्यात चालला आणि चिखल धुतला गेला. हिरवट झाक असलेला पिवळा रंग. मग मान वर आली: लांब उतरतं कपाळ, डोळ्याभोवती काळा मुखवटा, त्यात पापणीच्या वर-खाली दोन पांढऱ्या कोरी, आणि जाड पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा-लाल पट्टा. ‘मोठा कुरव’, हे या जातीचं नावच. पीटर सायमन पलासने १७७३ मध्ये वर्णन केलेला, म्हणून पलासचा कुरवही म्हणतात. तो पंख पसरून उडाला तेव्हा बाकीचा अख्खा थवा दचकून उठला.

दुसरा दिवस: रेवदंडा, मुरूड, दिघी

उजाडता उजाडता रेवदंड्याच्या खाडीवर गेलो. समोर कोरलईचा डोंगर, खाडीत होड्या, वाळूच्या पट्टीवर सत्तरेक कुरव. भाचीने स्कोपला डोळा लावला आणि म्हणाली, “आज सगळ्यांचेच पाय नारिंगी आहेत.” खरंच होते. काल पिवळे पाहिलेले मोठे कुरवसुद्धा नारिंगी पायांचे दिसत होते. सूर्य नुकताच वर आला होता आणि त्या तांबूस उजेडात पाठीची करडी पिसंही जांभळट दिसत होती. अर्ध्या तासाने ऊन पांढरं झालं तसे पिवळे परत पिवळे झाले. तेव्हापासून आम्ही एक शिस्त पाळली. सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासात वहीत पायांचा रंग लिहायचा नाही. त्या वेळेत आकार लिहायचा, चोचीची जाडी, कपाळाचा उतार, उभं राहण्याची ढब.

मोठ्या अंगाच्या कुरवांचे पाय पिवळे, हे कालचं सूत्रही याच खाडीवर सैल झालं. एक मोठा, मळकट तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा कुरव होड्यांच्या दोरांपाशी काहीतरी ओढत होता. चोच काळी, पाय मातकट गुलाबी. गुलाबी पायांची नवीनच जात असेल असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, हा ह्यूगलिनचाच पहिल्या हिवाळ्यातला पक्षी आहे. मोठ्या कुरवांना प्रौढ व्हायला साधारण चार वर्षं लागतात आणि तोवर ते दर वर्षी वेगळे दिसतात. पहिल्या हिवाळ्यात अंग तपकिरी, चोच काळी, पाय गुलाबी. पुढे पाठीवर करडी पिसं उगवू लागतात, चोचीच्या बुडाशी फिकट रंग येतो, पायांत हळूहळू पिवळं उतरतं. लहान कुरवांचं हे सगळं दोन वर्षांत उरकतं. म्हणजे पायाचा रंग जातीच्या आधी वय सांगतो. हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणी माझ्या डोक्यातला अर्धा गोंधळ मिटला. एवढे दिवस मी एकाच जातीच्या आजी-नातवंडांना चार वेगळ्या जाती समजत होते.

दुपारी मुरूड. एकादशीचा पाऊणपट सव्वाआठ, म्हणून ओहोटी सव्वादोनला. किनाऱ्यावर घोडागाड्या आणि वाळूवर चालणाऱ्या मोटारी, त्यामुळे थवा सारखा उठत-बसत होता. पक्षी परत उतरेपर्यंत वाट पाहायची, मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची, असं सहा वेळा झालं. पण सहाव्या वेळेला थवा अगदी जवळ उतरला आणि त्यात एक लांब मानेचा पक्षी होता. पंखांची पांढरी कड काळ्या डोक्याच्या कुरवासारखीच, पायही लाल. पण कपाळ चोचीत सरळ उतरत गेलेलं, चोच लांब आणि निमुळती, बुबुळ फिकट, कानाजवळचा डाग नसल्यातच जमा, आणि छाती-पोटावर गुलाबाच्या पाकळीसारखी अगदी पुसट लाली. निमुळत्या चोचीचा कुरव! कच्छात आणि सौराष्ट्रात हा पुष्कळ असतो, आपल्याकडे थोडा. उन्हाळ्यातसुद्धा याचं डोकं पांढरंच राहतं. भाचीने त्याचं चित्र काढलं. फोटोपेक्षा चित्राने जास्त शिकायला होतं असं माझं मत आहे, कारण पेन्सिल हातात असली की कपाळ नेमकं कुठे संपतं ते बघावंच लागतं.

संध्याकाळी आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघीला उतरलो. खाडीत चार-सहा कुरव, सगळे ओळखीचे. मुक्काम श्रीवर्धनला.

तिसरा दिवस: बागमांडला, वेसवी, हर्णै

बागमांडल्याहून वेसवीला सावित्रीच्या मुखातून फेरी. वारा नव्हता, पाणी तेलासारखं. मग केळशी, आंजर्ले, घाटवळणं, आंब्याचा मोहोर. दिवसभर गाडीतच गेला, पण हर्णैला पोचलो ते बरोबर लिलावाच्या वेळेला.

होड्या उथळ पाण्यात नांगरलेल्या, त्यांच्यापर्यंत पाण्यात घातलेल्या बैलगाड्या, टोपल्या डोक्यावर घेऊन पळणारे लोक, वाळूवर ओतलेले बोंबील, मांदेली, म्हाकूल, आणि लिलावाचा गलका. वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात आणि पाण्याच्या कडेला मोठे कुरव वाट बघत असतात. आम्ही एका पालथ्या होडीच्या आडोशाला बसलो. उन्हं उतरायला अजून तासभर होता.

इथे पिवळ्या पायांच्या पक्ष्यांतच दोन गट पडलेले दिसले. एक पाठीने गडद, तो ह्यूगलिनचा. दुसरा त्याहून एक छटा फिकट, अंगाने किंचित सडपातळ, डोकं जवळजवळ स्वच्छ पांढरं, पिवळ्या चोचीवर लाल ठिपक्याच्या जोडीला काळी खूण. हा स्टेप कुरव, कझाकस्तान आणि सैबेरियाच्या दक्षिणेकडच्या गवताळ प्रदेशातला. पाठीची छटा एकेकट्या पक्ष्यावरून ठरवायला गेलं तर हमखास चूक होते. पक्षी जरा वळला की तीच पाठ फिकट दिसते. दोघं शेजारी उभे असावेत, दोघांची पाठ उन्हाकडे एकाच कोनात असावी, तेव्हाच बोलावं. दुसरी खूण पंखाच्या टोकाची. ह्यूगलिनचा कुरव पिसं फार उशिरा बदलतो. जानेवारी संपत आला तरी काहींच्या पंखांची टोकाची पिसं पुरी वाढलेली नसतात आणि उडताना पंख बोथट दिसतो. स्टेप कुरवाचं हे काम आधीच आटोपलेलं असतं. या मोठ्या कुरवांच्या वर्गवारीवर शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही. कुणी ह्यूगलिन आणि स्टेप या दोघांनाही एकाच जातीचे प्रकार मानतात, कुणी वेगळे.

चोचीवरच्या त्या लाल ठिपक्याला मोठा इतिहास आहे. निको टिनबर्गन यांनी युरोपातल्या हेरिंग कुरवाच्या पिल्लांवर प्रयोग केले. पुठ्ठ्याची खोटी डोकी करून, ठिपक्याचा रंग बदलून पाहिला. पिल्लू त्या ठिपक्यावर चोच मारतं आणि मग आई-बाप खाणं ओकून देतात, हे त्यातून पक्कं झालं. प्राण्यांच्या वर्तनावरच्या संशोधनासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. हर्णैच्या वाळूवर समोर उभ्या असलेल्या पक्ष्याच्या चोचीवर तोच ठिपका बघताना मला फार बरं वाटलं.

शेजारी जाळं शिवत बसलेले एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आमच्याकडे मघापासून बघत होते. “ताई, एवढं काय बघताय त्यांच्यात?”

“पाय बघतोय, काका. कुणाचे पिवळे, कुणाचे गुलाबी.”

त्यांनी सुई थांबवली. “पिवळ्या पायाचे शहाणे. होडीला लांबूनच ओळखतात, जाळं ओढायला घेतलं की मगच येतात. ते भुरे, गुलाबी पायांचे, ते नवखे. येऊन जाळ्यातच बसतात आणि अडकतात.”

वर्षानुवर्षं समुद्रावर जाणाऱ्या माणसाने वय आणि पाय यांची सांगड आपल्या कामातून घातली होती. मी त्यांना विचारलं, उद्या आम्हाला न्याल का? ते म्हणाले, पाचला या, स्वेटर आणा, आणि उलटी होत असेल तर पोटात काही घालून या.

चौथा दिवस: समुद्रात

अंधारात निघालो. मतलई वारा पाठीवर, डावीकडे सुवर्णदुर्गाची काळी आकृती, तांडेल, दोन खलाशी आणि आम्ही दोघी. तासाभराने किनारा निळ्या रेघेएवढा उरला. पाण्याचा रंग मातकट होता तो हिरवा झाला.

किनाऱ्यावर तीन दिवसांत जे शिकलो त्यातलं निम्मं इथे निरुपयोगी ठरलं. होडी हलते, म्हणून स्कोप नाहीच, दुर्बीणही दोन क्षणांपेक्षा जास्त स्थिर राहत नाही. पक्षी डोक्यावरून जातो तेव्हा दिसतं ते पोट आणि पंखांची खालची बाजू. पाठीची छटा दिसत नाही. पाय पिसांत. उजेड मागून असेल तर पांढरा पक्षीही काळा. अशा वेळी पंखांची मारण्याची लय, छातीचा भार, डोक्याची लांबी, शेपटी यांवर ओळख ठेवावी लागते. लहान कुरव हलके, पंख पटपट मारतात, सुरयसारखे वळतात. ह्यूगलिनचा कुरव लांब, अरुंद पंखांवर आरामात जातो. पलासचा कुरव छातीकडे जड, डोकं पुढे काढलेलं, पंखांची चाल संथ.

सातच्या सुमाराला दोन थोराड पिल्लं लागोपाठ डोक्यावरून गेली. पहिलं सगळं तपकिरी ठिपक्यांचं, पार्श्वभागही ठिपक्याठिपक्यांचा, शेपटीचा काळा भाग रुंद. दुसऱ्याचं पोट पांढरं आणि पांढऱ्या शेपटीच्या टोकाला पट्टीने आखावी तशी काळी पट्टी. पहिलं ह्यूगलिनचं, दुसरं पलासच्या कुरवाचं. पाय दोघांचेही दिसले नाहीत, तरी मी न अडखळता लिहिलं, आणि भाचीने तिच्या वहीत लिहिलेलं तेच निघालं.

रात्री टाकलेल्या जाळ्याचे तरंगणारे डबे दिसले. पाणी बारा वाव, म्हणजे सत्तरेक फूट खोल. तांडेलांनी इंजिन हळू केलं, खलाशांनी दोर धरला आणि ओढायला सुरुवात केली. आकाश रिकामं होतं. पाच मिनिटांत ते रिकामं राहिलं नाही. कुठून आले, किती लांबून त्यांना दिसलं, सांगता येत नाही. आधी काळ्या डोक्याचे चार, मग तपकिरी डोक्याचे, मग मोठे. जाळं वर येताना त्यातून सुटणारी बारीक मासळी टिपायला ते पाण्यावर उतरू लागले. उतरताना प्रत्येक जण पाय खाली सोडतो! त्या वीस मिनिटांत मी जेवढे पाय पाहिले तेवढे तीन दिवसांत पाहिले नव्हते. लाल, लाल, पिवळे, मातकट गुलाबी, एकाचे गुलाबीवरून पिवळ्याकडे निघालेले, ना धड हे ना धड ते. तो तिसऱ्या हिवाळ्यातला असावा. पाठ गडद करडी, पण पंखांवर अजून तपकिरी पिसं उरलेली.

मध्येच सगळे आरडाओरडा करत उठले. एक काळपट, टोकदार पंखांचा, चपळ पक्षी एका तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या मागे लागला होता. पंखांच्या टोकाशी पांढरा झबका. स्कुआ. कुरवाने तोंडातलं टाकून दिलं, स्कुआने ते पाण्याला लागायच्या आत पकडलं आणि क्षितिजाकडे निघून गेला. कुठल्या जातीचा ते बघायला वेळ मिळाला नाही. वहीत फक्त ‘स्कुआ’.

आणि मग, तांडेलकाकांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं तेच झालं. एक भुरं पिल्लू थेट वर येणाऱ्या जाळ्यावर बसलं आणि फडफडायला लागलं. खलाशाने दोर सोडला नाही, पण दुसऱ्याने पंचा टाकून त्याला उचललं आणि डोकं झाकलं. झाकल्यावर ते शांत झालं. डाव्या पायाला जाळ्याचा धागा दोन वेढे बसला होता, आणि त्याखाली आणखी एक जुना नायलॉनचा तुकडा, कातडीत रुतलेला. तो आजचा नव्हता.

“ताई, धरा,” तांडेल म्हणाले आणि त्यांनी जाळं शिवायची छोटी कात्री काढली.

मी दोन्ही हातांनी पंखांसकट त्याला धरलं. इतका मोठा दिसणारा पक्षी हातात किती हलका लागतो! छातीचं हाड, त्यामागे भरभर चालणारं काळीज. पाय माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता. लांबून जो नुसता ‘मातकट गुलाबी’ लिहिला होता तो जवळून एका रंगाचा नव्हताच. पोटरीकडे गुलाबी, सांध्यापाशी करडा, बोटांमधल्या पडद्यातून बारीक शिरा दिसत होत्या, कडेला पडदा जवळजवळ पारदर्शक. हा रक्ताचा रंग होता, कातडीतून दिसणारा. पिवळा आणि लाल रंग वेगळा. तो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा. पक्ष्याला ती शरीरात तयार करता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात, कोळंबीसारख्या जीवांतून, माशांतून. बोटीवरच्या त्या मुलाला मला हे नीट सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. गाठीच्या पिठात तो रंग कुठून येणार?

नायलॉनचा तुकडा निघायला वेळ लागला. तांडेलांचे हात जाड, सालपटं निघालेले, पण कात्रीचं टोक त्यांनी कातडी आणि धागा यांच्यामध्ये असं सरकवलं की रक्ताचा थेंबही आला नाही. पायावर फिकट वळ राहिला. पंचा जरा सरकला तेव्हा चोचीच्या टोकाशी स्वच्छ पाण्याचा एक थेंब लोंबताना दिसला. रडतंय की काय, असं एका खलाशाने विचारलं. भाचीने त्याला सांगितलं की कुरवाच्या डोळ्यांवर कपाळात मिठाच्या ग्रंथी असतात, समुद्राचं पाणी प्यायल्यावर जास्तीचं मीठ त्या बाहेर टाकतात आणि ते नाकपुड्यांतून चोचीवर ओघळतं. खलाशी बराच वेळ त्या थेंबाकडे बघत राहिला. “म्हणजे हे खारं पाणी पितात?” त्याने विचारलं. “आपल्याला नाही जमत ते.”

पंचा काढला. पिल्लाने एकदा माझ्या अंगठ्याला चोच लावली, मग वाऱ्याकडे तोंड करून उडालं. डावा पाय काही वेळ खाली लोंबतच राहिला. आम्ही सगळे बघत होतो. होडीभोवती एक फेरी मारून ते पाण्यावर उतरलं, पंख मिटले, आणि इतरांपासून जरा दूर लाटेवर वर-खाली होत राहिलं. जाळं पूर्ण वर येईपर्यंत ते तिथेच होतं.

परतीच्या वाटेवर मी तांडेलांना विचारलं, असे किती सोडवता? “दिसला तर सोडवतो. जाळं फाडून नाही सोडवत, खोटं कशाला बोलू. पण हाताशी आला तर सोडवतो.” जुनी, तुटलेली जाळी ते समुद्रात टाकत नाहीत. बंदरावर आणून ठेवतात, पण पुढे ती कुठे जातात ते त्यांना माहीत नाही. पाण्यावर तरंगणारी नायलॉनची दोन भेंडोळी येताना आम्ही उचलली. ती होडीत माझ्या पायाशी पडली होती आणि त्यात एक मेलेला खेकडा होता.

पाचवा दिवस: आंजर्ले

सकाळी जोग नदीच्या मुखाशी गेलो. ऊन पांढरं व्हायची वाट पाहिली आणि मगच वह्या उघडल्या. तपकिरी डोक्याचे एकशे बारा, त्यातल्या दोघांच्या गालांवर तपकिरी रंग फुटायला लागलेला. काळ्या डोक्याचे सतरा. ह्यूगलिनचे सहा प्रौढ, चार पहिल्या हिवाळ्यातले, एक दुसऱ्या. पलासचे कुरव तीन. त्यांतल्या एकाचं डोकं मानेपर्यंत कुळकुळीत काळं झालेलं, निघायची तयारी झालेली. स्टेप कुरव कदाचित एक. तो एकटाच होता, शेजारी तुलनेला कुणी नव्हतं, म्हणून भाचीने त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

त्या चार भुऱ्यांमध्ये डाव्या पायावर वळ असलेला कुणी आहे का ते दोघींनी आळीपाळीने बघितलं. तिघांचे पाय स्वच्छ होते. चौथा पोट टेकून वाळूत बसला होता आणि आमची खेडची गाडी पकडायची वेळ होईपर्यंत उठला नाही.